यशच्या बॅगेतल्या गोळ्या

मंगळवारपासून मृदुला झोपली नव्हती. शनिवारी दुपारी ती लायडनच्या मैदानाच्या कडेला पत्र्याच्या बाकावर बसली होती आणि समोरचं नकली गवत तिला मधूनच पाण्यासारखं हलताना दिसत होतं. सामना सुरू व्हायला वेळ होता. आज जिंकला तर विद्यार्थ्यांच्या क्लबचा संघ वरच्या गटात जाणार होता. या संघात डावीकडून पळणारा, सगळ्यांत वेगवान पोरगा होता कोल्हापूरचा यश. तो आज स्खिपोल विमानतळाजवळच्या कोठडीत होता.

त्याच्या बॅगेत सापडलेल्या गोळ्या मृदुलाच्या होत्या. त्या बाकावर हे दोघांनाच माहीत होतं. तिला, आणि शेजारी चहाचा थर्मास मांडीवर धरून बसलेल्या सारंगला, तिच्या नवऱ्याला.

"ड्रग्ज म्हणजे ड्रग्जच," जयेश म्हणाला. तो हूफडॉर्पला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा. यशचा एकही सामना त्याने चुकवलेला नव्हता. "पार्टीतल्या गोळ्या असणार. विद्यार्थी आहे. पैसे लागतात."

"पार्टीतल्या गोळ्या इथून जगभर जातात," नीरजा म्हणाली. ती लायडनच्याच विद्यापीठात संशोधन करत होती आणि जयेशला खोडून काढणं हा तिचा शनिवारचा विरंगुळा होता. "भारतातून इथे कोण आणेल? अक्कल वापर."

"मग तूच सांग काय होतं ते."

"मला काय माहीत? मी काय त्याची बॅग भरली?"

"माझ्या लाडवांचा डबा होता त्या बॅगेत," जयेश म्हणाला. "तो पण जप्त. आईने तीन दिवस खपून केले होते."

"तुला लाडवांचं पडलंय."

"मला सामन्याचं पडलंय. त्याच्या जागी तो उंच मुलगा खेळणार, बघ. त्याला वळायलाच एक हेक्टर लागतं."

जयेशचे वडील, वासुदेवकाका, दोन महिन्यांसाठी कोल्हापूरहून आले होते. कानटोपी घालून ते मैदानाकडे बघत होते. मे महिना होता, पण वारा समुद्रावरून येत होता. "आमच्याकडे तालमीच्या पोराला पोलिसांनी उचललं," ते म्हणाले, "की सगळी पेठ चौकीवर जायची."

"सोडवायला?"

"निम्मे सोडवायला. निम्मे गंमत बघायला."

मागच्या बाकावरचा एक म्हातारा डच माणूस पुढे वाकला. क्लबच्या प्रत्येक सामन्याला तो असायचा. तुमचा मुलगा कुठे आहे, असं त्याने इंग्रजीत विचारलं. जयेशने पटकन सांगितलं, की आजारी आहे. म्हातारा हसला. आजारी कसा असेल, मी तर ऐकलं की तो औषधांचं अख्खं दुकान बरोबर घेऊन आला. आजूबाजूचे चारदोन जण हसले. जयेशही हसला. मृदुलाने सारंगकडे पाहिलं. तो थर्मासचं झाकण घट्ट करत होता. ते आधीच घट्ट होतं.

झोप नक्की कधी गेली हे मृदुलाला सांगता येत नसे. चौदा वर्षांपूर्वी ती या देशात आली. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार व्हायचा आणि तिला वाटायचं, दिवस कोणीतरी अर्धवट टाकून निघून गेलंय. मग उन्हाळा आला आणि रात्री दहालाही खिडकीत उजेड उभा राहिला. तिने जाड पडदे लावले. मुलगी, ऋता, झाली, मोठी झाली, मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर द्यायला लागली. लायडनच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. ती तयार औषधांचे नमुने तपासायची, ठरलेल्या प्रमाणाबाहेर काही दिसलं तर सगळी खेप बाजूला काढायची. ती रोज हार्लेमहून ट्रेनने जायची आणि यायची. या सगळ्यात कुठेतरी झोप उतरून गेली आणि पुन्हा चढली नाही.

इथल्या डॉक्टरने सांगितलं, चाला. अंथरुणात फोन बघू नका. पुन्हा गेली तेव्हा एका आठवड्यापुरत्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या वेळी देणार नाही असंही सांगितलं. कोल्हापूरला तिच्या मोठ्या भावाचं मेडिकलचं दुकान होतं. दादाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? पाठवतो."

पाठवायचं म्हणजे कोणाबरोबर तरी. इथल्या मराठी लोकांचा एक ग्रुप होता. कोणी भारतात निघालं की त्यावर आधी शुभेच्छा पडत आणि मग किलो मागितले जात. माझी दोन किलो जागा धर. माझं फक्त अर्धा किलो, आईचा मसाला आहे. येणाऱ्याची बॅग ही सगळ्यांची बॅग असे. तिच्यात भाजणी, पापड, कोणाच्या बाळाचा टोपडं-झबल्याचा जोड, आणि कडेला, मोज्यांमध्ये, औषधं. अँटिबायोटिक, खोकल्याची बाटली, मलमं. इथे डॉक्टर देत नाही म्हणून. वजन वाचावं म्हणून गोळ्या खोक्यातून काढत. पाकिटं एकावर एक ठेवून रबर लावत. आणि आणणाऱ्याला सगळे एकच गोष्ट सांगत: कोणी विचारलंच, तर माझ्याच आहेत म्हण. स्वतःच्या औषधाला कोणी काही म्हणत नाही.

मृदुलानेही यशला हेच सांगितलं होतं.

तो बहिणीच्या लग्नाला गेला होता. क्लबने जाऊ नको म्हटलं, मोठा सामना तोंडावर आहे. तो म्हणाला, मंगळवारी परत येतो, शनिवारी खेळतो. जाण्याआधीच्या रविवारी तो नेहमीसारखा हार्लेमला तिच्याकडे जेवायला आला होता. तांबडा रस्सा त्याने स्वतःच वाढून घेतला, आणि कोल्हापूरच्या मानाने हा आजाऱ्याचा रस्सा आहे, असं म्हणाला. त्यानेच तिला मैदानावर आणलं होतं. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पहिल्या सामन्याला ती पुस्तक घेऊन गेली होती. यश चेंडू घेऊन डाव्या कडेने सुटला तेव्हा ती उभी राहून ओरडली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तेव्हा कळलं. त्या दिवशी घरी येऊन ती सोफ्यावर गोळीशिवाय झोपली. म्हणून ती पुन्हा गेली, आणि मग जातच राहिली.

"मावशी, तुझ्या झोपेचं पार्सल आणतो की," तो निघताना म्हणाला होता. "दादामामाला सांगून ठेव."

दादाने या वेळी वर्षभर पुरतील एवढ्या दिल्या. सारख्या कोणाला त्रास नको म्हणून. सगळ्या खोक्यातून काढून, रबर लावून.

या देशाच्या अमली पदार्थांच्या कायद्यात त्या गोळ्यांचं नाव आहे. मृदुलाला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. औषधं तपासणं हेच तिचं काम होतं. पण बॅगेतल्या मोज्यात असतं ते औषध नसतं, घरचं काहीतरी असतं, असं तिच्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं. सगळ्यांच्याच बसलं होतं.

विमानतळावर यशने सांगितल्याप्रमाणे सांगितलं: माझ्याच आहेत. मग कस्टमवाल्यांनी विचारलं, एवढ्या? डॉक्टरचा कागद? खोकी कुठे आहेत? विकायच्या होत्या का? तो म्हणत राहिला, माझ्याच.

मंगळवारी रात्रभर यशचा फोन लागला नव्हता. बुधवारी ही बातमी कळली तेव्हा सारंगने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. ऋता वर अभ्यास करत होती. नागरिकत्वाचा त्यांचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. तिघा सबनीसांचा एकत्र. या काळात नावावर पोलिसांचं प्रकरण असेल तर अर्ज फेटाळतात, हे सारंगला पाठ होतं. "त्याला वकील मिळालाय," तो म्हणाला. "विद्यार्थी आहे, लहान आहे, सोडतील त्याला. तू मध्ये पडलीस तर आपल्या तिघांचा अर्ज जाईल. ऋताचा विचार कर."

ती ऋताचा विचार करत होती. यशचाही करत होती. चार दिवस तिने दुसरं काही केलं नव्हतं.

सामना सुरू झाला. उंच मुलगा खरंच वळत नव्हता. विमानं ढगांच्या पोटातून खाली येत, मैदानावरून सावकाश सरकत स्खिपोलकडे जात होती. नाल्याच्या कडेला एक राखी बगळा पाठ करून उभा होता. समोरच्या संघाने लवकरच गोल केला.

"यश असता तर," जयेश म्हणाला.

"आता नाव काढू नकोस त्याचं," नीरजा म्हणाली. "मघाशी आजारी पाडलंस."

"मग काय सांगू? आमचा पोरगा तुरुंगात आहे म्हणून? उद्या ऑफिसात विचारतील, तुम्ही सगळे इंडियन एकमेकांना ओळखता ना?"

"ओळखतोच की."

"ओळखतो वेगळं. हे वेगळं." जयेश पुढे वाकला. "एक सांगतो. त्याने दुसऱ्यासाठी आणल्या असतील, तर तो जो कोणी आहे, त्याला भर चौकात उभा केला पाहिजे. कोवळ्या पोराच्या बॅगेत असलं घालायचं म्हणजे."

 सारंगने मृदुलाच्या हातातून चहाचा कप काढून घेतला.

मध्यंतरात सगळे क्लबच्या कँटीनमध्ये गेले. ओल्या जॅकेटांचा आणि तळलेल्या क्रोकेटचा वास होता. त्यांनी कोपऱ्यातलं लांब टेबल धरलं. तिथेच अभिराम आला. तो यशच्या खोलीत राहायचा. सायकलवरून आला होता, कान लाल झाले होते, आणि तो बसला नाही.

"यशच्या वकीलबाईचा फोन आला होता," तो म्हणाला. "सोमवारी त्याला न्यायाधीशापुढे नेणार. तो अजून तेच म्हणतोय, माझ्याच. बाई म्हणतात, हा खोटं बोलतोय हे मलाही दिसतंय, पण तो कोणाचं नाव घेत नाही. त्या झोपेच्या गोळ्या आहेत. विकायला आणल्या असं धरलं तर युनिव्हर्सिटी, व्हिसा, सगळं जाईल. कोणाच्या आहेत हे कोणाला माहीत असेल तर सोमवारच्या आत त्यांना सांगा. नंबर माझ्याकडे आहे."

 झोपेच्या गोळ्या, हे शब्द सगळ्यांनी ऐकले होते. मृदुलाला झोप लागत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. तिने स्वतःच प्रत्येकाला कधी ना कधी सांगितलं होतं, हसत.

"माझ्या आहेत," मृदुला म्हणाली.

तिला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काउंटरवरची मुलगी कोणाला तरी सुटे पैसे परत देत होती.

"ताई, हळू," नीरजा म्हणाली.

"माझ्या भावाने दिल्या. आणि माझ्याच आहेत म्हण, असं मीच त्याला सांगितलं."

जयेशने आजूबाजूला पाहिलं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला होता. मघाचा भर चौक त्याच्या डोळ्यांत कुठे दिसत नव्हता. "असं काही बोलू नका ताई," तो म्हणाला. "बोलायच्या आधी विचार करा. एकदा तुमचं नाव आलं की ते ग्रुप बघणार. कोणी कोणासाठी काय आणलं, सगळं तिथे आहे. बाबांच्या गोळ्या, माझ्या मुलाचं खोकल्याचं औषध. गेल्या दिवाळीत यशनेच आणलं होतं. त्या बाटलीत काय असतं मला माहीत नाही."

"कोडीन असतं. अफूपासूनचं," मृदुला म्हणाली.

"बघा."

"नीरजा, तू पण काही मागवलं होतंस?" अभिरामने विचारलं.

 नीरजाने फोन काढला होता. जयेशनेही काढला. टेबलाच्या कडेने माना खाली गेल्या आणि अंगठे हलायला लागले. ग्रुपवरचे जुने निरोप एकेक करून पुसले जात होते. अभिराम उभ्याने बघत राहिला. वासुदेवकाकांकडे तसला फोन नव्हता. ते समोरची वाटी चमच्याने ढवळत होते. तिच्यात फक्त मोहरीची चटणी होती.

"हिच्याकडे लक्ष देऊ नका," सारंग म्हणाला. तो प्रेमाने बोलत होता, हेच वाईट होतं. "मंगळवारपासून झोपली नाही ही. डोक्याचं भुस्कट झालंय. काल म्हणत होती, भिंत हलते. हिच्या गोळ्या घरी आहेत, मी स्वतः पाहिल्यात. तिला यशचं वाईट वाटतंय, म्हणून असं बोलते."

टेबलावरच्या सगळ्यांनी श्वास सोडला. तो ऐकू आला.

"तेच म्हटलं," जयेश म्हणाला. "ताई, तुम्ही घरी जाऊन पडा जरा."

"हो ताई," नीरजा म्हणाली. ती फोनमधून वर बघत नव्हती. "झोप नसली की माणूस काहीही बोलतो."

मृदुलाला त्यांचा राग आला नाही. प्रत्येकजण तिला एकेक पांघरूण देत होता आणि खालून हात बांधत होता. तिने मान डोलावली असती तर सगळं मिटलं असतं. अभिरामने खांदे पाडले असते, सोमवार आला असता आणि गेला असता. पुढच्या मोसमात डावीकडून दुसरा कोणी पळाला असता. ती त्या बाकावर येऊन बसली असती, हातात चहा असता, आणि यशचं नाव कोणी काढलं नसतं.

बाहेर शिट्टी झाली. दुसरा हाफ सुरू होत होता. सगळे उठले, फोन खिशात टाकत, खुर्च्या सरकवत. वासुदेवकाका तेवढे तिच्याजवळ थांबले.

"चौकीवर आम्ही जायचो म्हटलं ना मघाशी," ते म्हणाले. "मी गंमत बघणाऱ्यांत असायचो." आणि ते मुलाच्या मागे गेले.

मृदुला अभिरामला म्हणाली, "नंबर दे."

"मावशी, सारंगकाकांना विचार आधी."

"त्यांचं म्हणणं ऐकलंस ना तू? नंबर दे."

कँटीनच्या मागे सायकली लावायची जागा होती. तिथे वारा कमी लागत होता. अभिरामने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला आणि थोडा लांब जाऊन उभा राहिला. वकीलबाईंचा आवाज तरुण होता. मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. मृदुला डचमध्ये बोलायला लागली, मग तिचं डच संपलं आणि ती इंग्रजीवर आली.

वकीलबाईंनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, मी त्याची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही जे सांगाल ते मी त्याच्यासाठी वापरीन, तुमच्याविरुद्ध गेलं तरी. तुम्ही आधी स्वतःचा वकील बघा.

"सोमवारच्या आत मिळेल?" मृदुलाने विचारलं.

"शनिवार आहे. कठीण आहे."

"मग ऐका."

तिने सगळं सांगितलं. दादाचं दुकान. खोकी काढणं, रबर लावणं. माझ्याच आहेत म्हण, हे कोणी सांगितलं ते. दादाचं नाव सांगताना ती अडली. त्या दुकानावर वडिलांच्या नावाची पाटी होती आणि दादाने आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. तिने नाव सांगितलं.

"तो सुटेल का?" तिने विचारलं.

"सोमवारी बहुधा नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणल्या त्यानेच. खोटंही बोलला. पण विकायला आणल्या नव्हत्या, हे मला आता दाखवता येईल. ते कमी नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतील. कदाचित येत्या आठवड्यातच."

मैदानावरून मोठा ओरडा आला. कोणाचा गोल ते कळत नव्हतं. मृदुलाने वळून पाहिलं तेव्हा भिंतीच्या कोपऱ्याशी सारंग उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. थर्मास त्याच्या हातात होता आणि तो रडत होता. त्याला रडताना तिने याआधी एकदाच पाहिलं होतं, ऋता जन्मली तेव्हा.

"ऋताला काय सांगणार आहेस?" तो म्हणाला.

"हेच."

"निदान माझं आडनाव देऊ नकोस," तो म्हणाला. "नुसतं मृदुला सांग. नाहीतर माहेरचं सांग."

पासपोर्टवर काय आहे ते दोघांनाही माहीत होतं. तो काय बोलतोय हे त्याला कळत नव्हतं, की कळत होतं आणि तरी मागत होता, हे तिला ठरवता येईना. तिला त्याची दया आली. फोनमधून बाई विचारत होत्या, तुमचं पूर्ण नाव?

"मृदुला सबनीस," ती म्हणाली.

बाईंना आडनाव नीट ऐकू आलं नाही. मृदुलाने सारंगकडे पाठ केली आणि इथल्या पद्धतीने, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. एस. आ. बे. एन. ई. एस. मग वकीलबाईंनी पत्ता विचारला, आणि तिने हार्लेमचा पत्ता दिला.